पुरात भिजलेली जुनी एमपीएफआय गाडी: ईसीएमला दोष देण्याआधी काय तपासाल

गाडीत पाणी शिरतं, आपण गाळ उपसतो, ऑइल बदलतो, नवी बॅटरी बसवतो, गाडी चालू होते आणि आपण हुश्श म्हणतो. खरा त्रास सुरू होतो त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी. पाणी वाळतं, पण कपलरच्या (वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्लास्टिकच्या जोडाच्या) आत राहिलेला गाळ ओल धरून बसतो आणि तांब्याच्या पिना हळूहळू कळकायला लागतात. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक ठेवलं की जो हिरवा थर येतो, तोच इथे. फरक एवढाच, की ताक फेकून देता येतं आणि वायरिंग मात्र पूर्ण गाडीभर पसरलेलं असतं.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं तेव्हा माझी २००५ची वॅगन आर बिल्डिंगखाली उभी होती. पाणी सीटच्या गादीपर्यंत आलं. ऑगस्टमध्ये गाडी सुरू झाली, आठवडाभर नीट चाललीही. ऐन गणपतीत मात्र तिने नखरे सुरू केले. सकाळी पहिल्या सेल्फला चालू, दुपारी ढिम्म. चढावर मिसिंग, म्हणजे इंजिन ठोके चुकवणार. मागून काळा धूर आणि पेट्रोलचा वास. एका गॅरेजने स्कॅनर लावून पाच मिनिटांत निकाल दिला, "ईसीएम गेलाय, दुसरा टाकावा लागेल." ईसीएम म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारा कॉम्प्युटर. मी घाबरून नाक्यावरच्या वायरमन काकांकडे गेलो. ते म्हणाले, "आधी अर्थ बघू. कॉम्प्युटर काय पळून जातोय?" अर्थ म्हणजे अर्थिंग, वीज बॅटरीच्या निगेटिव्हला परत नेणारा जोड. शेवटी त्या गाडीत तीन दोष निघाले. एक बोल्टात, एक सेन्सरमध्ये, एक कपलरमध्ये, आणि ईसीएम आजही तोच आहे.

खाली जे लिहितोय ते त्या जमान्यातल्या एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, गाड्यांसाठी आहे: मारुती ८००चं एमपीएफआय मॉडेल, अल्टो, झेन, वॅगन आर, सँट्रो वगैरे. ज्यांनी आयुष्यात मल्टिमीटर दोनदाच हातात धरलाय, त्यांनाही जमेल. आपल्या मॉडेलचा वायरिंग डायग्रॅम मिळाला तर मिळवाच. वायरच्या रंगांवर अंदाज बांधू नका, मॉडेलागणिक ते बदलतात.

चावीला हात लावण्याआधी

पाण्यातून बाहेर काढलेली गाडी "चालू होतेय का बघू" म्हणून सेल्फ मारणं हा सगळ्यात महागडा मोह. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय ओल्या वायरिंगमध्ये वीज सोडली की गंज कित्येक पटींनी वेगाने धरतो. पाणी, क्षार आणि १२ व्होल्ट एकत्र आले की ती चक्क इलेक्ट्रोप्लेटिंगची टाकी होते. पिनच्या पिना खाल्ल्या जातात. म्हणून पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधणं. विमा असेल तर फोटो काढून आधी कंपनीला कळवा. पाण्यात सेल्फ मारून इंजिन निकामी केलं असेल तर दाव्यात वाद निघतात.

मग एअर फिल्टर उघडा. तो ओला असेल तर पाणी आत गेलंय असं धरूनच चाला. ऑइलची दांडी काढून बघा. ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं तर सगळं ऑइल काढून टाका. प्लग काढा, क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्लगच्या भोकांतून पाणी येतंय का बघा. हे झाल्याशिवाय पुढचं काही करायचं नाही.

टाकीतलं पेट्रोलही आत्ताच तपासा. थोडं पारदर्शक बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर त्यात पाणी आहे. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये इथेनॉल पाण्याला धरून तळाशी बसतो, त्यामुळे तो थर अपेक्षेपेक्षा जाड दिसतो. अशा पेट्रोलवर गाडी मिसिंग मारते आणि माणूस बिचारा सेन्सर शोधत बसतो.

पाणी कुठवर आलं होतं?

दाराच्या आतल्या पॅडवर, सीटच्या रुळांवर, डॅशबोर्डखाली गाळाची रेघ राहिलेली असते. ती शोधा, खडूने खूण करा. त्या रेघेच्या खालचा प्रत्येक कपलर संशयित.

कार्पेटपर्यंतच पाणी असेल तर उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे जाणारं हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि फ्युएल पंपाची वायर भिजलेली असते. सीटपर्यंत आलं असेल तर डॅशबोर्डखालचे खालचे कपलरही गेले. त्या काळच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ईसीएम डॅशबोर्डच्या खाली असतो, बहुधा ग्लोव्हबॉक्सच्या मागे. सापडत नसेल तर इंजिनकडून फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत येणारं जाड हार्नेस पकडून त्याच्या मागे जा, ते अॅल्युमिनिअमच्या एका चपट्या डबीपाशी संपतं.

कार्पेट वरून वाळलं म्हणजे वाळलं नाही. त्याच्याखाली नमद्यासारखा जाड थर असतो, तो महिनाभर पाणी धरतो. ऊन पडलं की काचा बंद गाडीत ती वाफ वर जाते आणि रात्री गार पत्र्यावर, ईसीएमच्या डबीवर थेंब होऊन बसते. म्हणजे पुराचं पाणी जिथे पोहोचलं नाही तिथे ही वाफ पोहोचते. सीट काढा, कार्पेट पूर्ण बाहेर काढून गच्चीवर टाका. कंटाळवाणं काम आहे. टाळलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात, तीही दुसऱ्यांदा.

लागणारी हत्यारं

साधा डिजिटल मल्टिमीटर, ज्याच्या लीड शाबूत आहेत असा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी जोडून. एक एलईडी, तिला साधारण १ किलोओहमचा रेझिस्टर लावून. कॉन्टॅक्ट क्लीनरचा कॅन, मऊ टूथब्रश, सुई, थोडी वायर, श्रिंक ट्यूब (तापवली की आवळणारी नळी). पेट्रोलच्या आसपास काम आहे, तेव्हा उघड्यावर करा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

एक पथ्य. तो २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो. पंप, रिले (विजेवर चालणारा स्विच), फ्यूज यांच्या जाड वायरींवर तो चालेल. सेन्सरच्या किंवा ईसीएमच्या पिनला तो चुकूनही लावू नका. तिथे फक्त मीटर. नाहीतर ईसीएम खरंच जाईल आणि गॅरेजवाला बरोबर ठरेल.

चावी ऑन करा आणि ऐका

सगळं वाळलं, बॅटरी चार्ज आहे. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी. अर्ध्या बॅटरीवर निदान करत बसू नका, आकडे फसवतात.

आता रेडिओ, पंखा बंद. मागच्या सीटपाशी कुणाला तरी बसवा. सेल्फ न मारता चावी फक्त ऑन करा. तीन गोष्टी घडायला हव्यात. चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. मेन रिलेचा "टक" आवाज यायला हवा. आणि मागून फ्युएल पंपाची दोन-तीन सेकंद घूं अशी गुणगुण येऊन थांबायला हवी.

तिन्ही झाल्या तर ईसीएम जागा आहे, हे मोठंच काम झालं. दिवा लागतो, रिले वाजतो, पंप गप्प: पंप, त्याचा रिले किंवा मागे जाणारी वायर. दिवाच लागत नाही, म्हणजे ईसीएमला वीज मिळत नाही, किंवा अर्थ नाही, किंवा पाच व्होल्टची लाइन (तिच्याबद्दल पुढे) कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा निव्वळ दिव्याचा बल्ब गेलाय. शेवटची शक्यता हसण्यावारी नेऊ नका. जुन्या गाड्या विकताना चालू राहणारा तो दिवा काही लोक मुद्दाम काढून टाकतात.

दिवा नसेल तर आधी फ्यूज. नुसता डोळ्यांनी बघून चालत नाही. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, चावी ऑन ठेवून दोन्हींवर १२ व्होल्ट येतात का बघा. मग फ्यूज उपसून त्याचे पाय बघा. पाय काळे-हिरवे असतील तर फ्यूज शाबूत असूनही वीज जात नाही. मेन रिलेही उपसा. ३० नंबरच्या पिनला बॅटरीची वीज कायम, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं, ८७ हे आउटपुट. पिनांवर नंबर कोरलेले नसतील तर डायग्रॅमवरून ओळखा. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ७० ते १०० ओहमच्या दरम्यान येतो. रिले हलवून बघा, आत पाणी खुळखुळत असेल तर सरळ नवा टाका. रिले दुरुस्त करण्यात वेळ घालवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबद्दल आदर आहे, पण अनुकरण नको.

अर्थ: इथे घाई करू नका

माझ्या गाडीचा पहिला दोष इथेच निघाला, म्हणून जरा सविस्तर.

गाडीत निगेटिव्ह वायर वेगळी ओढलेली नसते. पत्रा आणि इंजिन हाच परतीचा रस्ता. बॅटरीची काळी केबल गिअरबॉक्सला आणि बॉडीला जाते, इंजिन आणि बॉडी यांच्यात एखादा पट्टा असतो, आणि ईसीएमच्या दोन-तीन अर्थ वायरी इंजिनवर, बऱ्याचदा इनटेक मॅनिफोल्डच्या बोल्टला, आवळलेल्या असतात. पुराचं पाणी त्या बोल्टखाली बारीक गाळ सोडून जातं. वरून बोल्ट चकचकीत, हाताने हलत नाही, आणि लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) तांबडी माती.

लोक इथे मीटर ओहमवर ठेवून "बीप वाजला, अर्थ ठीक आहे" म्हणतात. बीप वाजायला वायरचा एक केसही पुरतो. अर्थ तपासायचा तो वीज वाहत असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी लीड थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, केबलच्या क्लॅम्पवर नाही. लाल लीड ईसीएमच्या अर्थ पिनवर, कपलर लावलेलाच ठेवून मागून बारीक सुई सारून. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. चावी नुसती ऑन असताना ०.१ व्होल्टच्या आत असावा, सेल्फ फिरताना फार तर थोडा वर जाईल.

माझ्या गाडीत तो १.६ झाला. काकांनी मीटर माझ्याकडे वळवला आणि गणित मलाच करायला लावलं. सेल्फ फिरताना बॅटरी १०.२ वर येते. त्यातले १.६ अर्थच्या बोल्टमध्येच गेले. ईसीएमच्या पदरी उरले ८.६. एवढ्यावर तो कधी जागा राहतो, कधी डुलकी घेतो. म्हणूनच सकाळी ताज्या बॅटरीवर चालू आणि दुपारी गरम इंजिनावर सेल्फ जड झाला की बंद. त्या डुलकीची एक खूण सांगतो: सेल्फ मारताना चेक इंजिनचा दिवा फडफडतो आणि रिले टकटक टकटक वाजतो.

दुसरा परिणाम जास्त लबाड आहे. ऑक्सिजन सेन्सरचा सगळा खेळ शून्य ते एक व्होल्टच्या आत चालतो. एका वायरचा सेन्सर असेल तर त्याचा अर्थ सायलेन्सरच्या पाइपातून येतो. ईसीएमचा शून्य आणि पाइपाचा शून्य यांत अर्ध्या व्होल्टचा जरी फरक पडला तरी मिश्रणाचा हिशेब बिघडतो, आणि स्कॅनर दोष देतो ऑक्सिजन सेन्सरला.

उपाय सोपा. बोल्ट काढा, लग आणि खालची धातू सँडपेपरने चकचकीत करा, लगमध्ये शिरणारी वायर काळी पडली असेल तर कापून नवा लग दाबा, आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस. इंजिनाचा पट्टा, बॅटरीची बॉडी केबल, डॅशबोर्डखालचे अर्थ बोल्ट, सगळे असेच. माझा आकडा १.६ वरून ०.०४ वर आला.

ईसीएमला वीज पूर्ण मिळते का, हे याच पद्धतीने उलट बाजूने बघा: काळी लीड बॅटरी निगेटिव्हवर, लाल लीड ईसीएमच्या वीज पिनांवर. एका पिनला बॅटरीची वीज कायम असते, एकीला चावी ऑन झाल्यावर, एकीला मेन रिलेमधून. तिन्ही ठिकाणी बॅटरीइतकाच आकडा हवा, अर्धा व्होल्ट जरी कमी असला तरी वाटेत कुठेतरी पिन कळकलीय.

पाच व्होल्टची लाइन

ईसीएम १२ व्होल्ट घेतो आणि काही सेन्सरांना स्वतः तयार केलेले नेमके ५ व्होल्ट देतो. थ्रॉटल पोझिशन सेन्सर (अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारा) आणि मॅप सेन्सर (इंजिनात ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब सांगणारा) हे त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक. बऱ्याच गाड्यांत ही लाइन दोघांना सामायिक असते. एका घरातला नळ उघडा राहिला की शेजारच्या घरात पाणी येत नाही, तशी गत. एका सेन्सरमध्ये पाणी शिरून ५ व्होल्ट अर्थला भिडले की दुसराही खोटं बोलायला लागतो, आणि काही गाड्यांत तर ईसीएमच गप्प बसतो.

चावी ऑन, इंजिन बंद. थ्रॉटल सेन्सरचा कपलर काढून त्याच्या तीन पिनांवर मीटर लावा. एकीवर ४.९ ते ५.१ आले की ठीक. माझ्याकडे आले १.३. अशा वेळी काहीही न कापता त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जायचं आणि मीटरवर डोळा ठेवायचा. मॅप सेन्सरचा कपलर काढला आणि मीटर टुणकन ५.०१ वर. गुन्हेगार सापडला. सेन्सर कानाशी नेऊन हलवला तर आतून चिखलाचा थेंब गळाला. कपलर सगळे काढूनही ५ व्होल्ट परतले नाहीत, तर दोष वायरमध्ये. मग ईसीएमचा कपलर काढून (आधी बॅटरी काढा) त्या वायरीत आणि बॉडीत कुठे जोड होतोय ते ओहमवर बघा.

लाइन सुधारल्यावर थ्रॉटलच्या सिग्नल वायरवर मीटर लावून अॅक्सिलरेटर अगदी सावकाश दाबा. आकडा साधारण अर्ध्या-पाऊण व्होल्टपासून चारच्या आसपास सलग चढायला हवा. मध्येच तो गायब होऊन परत आला तर सेन्सरच्या आतली पट्टी खराब झालीय. गाडी चालवताना नेमक्या त्याच ठिकाणी ती गचका देते.

स्कॅनर असेल तर इथे एक गंमत कळते. पी०१०७ हा मॅपचा कमी व्होल्टेजचा कोड आणि पी०१२२ हा थ्रॉटलचा. दोन्ही एकदम आले तर दोन सेन्सर एकाच दिवशी गेले असं समजण्यापेक्षा सामायिक पाच व्होल्टवर संशय घ्या. जुन्या गाड्यांत स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा जोडलाच जात नाही. काही जुन्या मारुतींत डायग्नोसिसची पिन अर्थला जोडली की चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. एक लुक, थोडं थांबून दोन लुक, म्हणजे १२, म्हणजे सगळं ठीक. कोणती पिन, हे डायग्रॅममध्ये बघूनच करा. कोड लिहून ठेवा. बॅटरी काढली की ते पुसले जातात.

काळ्या धुराचं गणित

इंजिनच्या पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर म्हणजे एक साधा रेझिस्टर, जो तापला की कमी होतो. सुझुकीच्या या इंजिनांत २० अंशांना तो साधारण २,२०० ते २,७०० ओहम असतो, ८० अंशांना ३०० च्या आसपास. आता समजा त्याच्या कपलरच्या पिनेवर गंज चढला आणि त्या गंजाने २,००० ओहमची भर घातली. इंजिन पूर्ण तापलंय, सेन्सर म्हणतोय ३००, ईसीएमला ऐकू येतं २,३००. त्याच्या लेखी बाहेर पौषातली पहाट आहे. तो बिचारा इमानेइतबारे थंड इंजिनासाठीचं जास्तीचं पेट्रोल ओतत राहतो. काळा धूर, पेट्रोलचा वास, काळे पडलेले प्लग, घसरलेलं मायलेज. आणि कोड काहीही येत नाही, कारण २,३०० ओहम हा अगदी सभ्य, शक्य आकडा आहे.

म्हणून सेन्सर काढून तपासलात तर तो पास होतो आणि तुम्ही चक्रावता. इंजिन गरम असताना ईसीएमच्या टोकाकडून मोजा: बॅटरी काढून, ईसीएमचा कपलर काढून, त्या दोन पिनांमध्ये ओहम. मग तोच सेन्सरच्या पायांवर थेट मोजा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे वायर आणि कपलर खात असलेला रेझिस्टन्स. माझ्याकडे हा फरक १,७०० होता. तिसरा दोष हाच.

इंजेक्टर आणि करंट

सेल्फ फिरतो, पंप वाजतो, गाडी उचलत नाही. प्लगला करंट (ठिणगी) आणि इंजेक्टरला पल्स (उघडण्याचा इशारा), दोन्ही आहेत का एवढं बघा. दोन्ही नाहीत तर क्रँक किंवा कॅम सेन्सर, त्यांचा कपलर. इंजिन फिरतंय हेच ईसीएमला कळत नाही. करंट आहे पण पल्स नाही तर इंजेक्टरची वीज. पल्स आहे पण करंट नाही तर इग्निशन कॉइलकडे वळा. डिस्ट्रिब्युटर असेल तर त्याची टोपी उघडून पुसा, आत ओल असते.

चावी ऑन असेपर्यंत इंजेक्टरला १२ व्होल्ट मिळत राहतात आणि ईसीएम दुसरं टोक क्षणभर अर्थ करून त्याला उघडतो. कपलर काढा, चावी ऑन करा, एका पिनवर बॅटरीइतके व्होल्ट हवेत. मग ती एलईडी दोन पिनांमध्ये लावून सेल्फ मारा, ती लुकलुकली पाहिजे. उलटी लावली तर पेटणारच नाही, तेव्हा दोन्ही बाजूंनी बघा. इंजेक्टरची कॉइल साधारण १२ ते १६ ओहम असते. सगळे एकसारखे हवेत, एखादा वेगळा पडला तर दोष त्याच्यात.

पंपाची वायर मीटर पास करते आणि पंप मात्र रडतो

उंबऱ्याखालून मागे जाणाऱ्या वायरीचे काही जोड कार्पेटखालीच असतात. पाणी वायरच्या तारांमधून केशाकर्षणाने, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं, आत चढतं. वरचं प्लास्टिक नवं कोरं, आतलं तांबं काळं. पंप चार-पाच अँपिअर खेचतो. मीटरला नगण्य वीज लागते, त्यामुळे काळ्या तांब्यातूनही तो १२ व्होल्ट दाखवतो. म्हणून पंपाचा कपलर काढून तिथे २१ वॅटचा बल्ब लावा. चावी ऑन केल्यावर दोन-तीन सेकंद तो लखलखीत पेटला आणि त्याच वेळी त्याच्या पायांवर बॅटरीइतके व्होल्ट मिळाले तर वायर ठीक. मिणमिणला तर वायर उघडून काळं तांबं संपेपर्यंत मागे मागे कापत जा. चमकदार तांबं दिसलं की तिथून नवी वायर जोडा. जोडाला सोल्डर आणि आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब. पीळ मारून काळी टेप गुंडाळणं पुढच्या पावसाळ्याला आमंत्रण आहे. इंजिनातली पेट्रोल लाइन सोडवायची वेळ आली तर आधी पंपाचा फ्यूज काढून गाडी आपोआप बंद पडू द्या. लाइनमध्ये तीन बारच्या आसपास दाब असतो, पेट्रोल डोळ्यांत उडतं.

कपलर कसा साफ करायचा

गाळ आधी स्वच्छ पाण्याने, शक्यतो डिस्टिल्ड पाण्याने धुवा. गाळावर थेट क्लीनर मारला तर तो आत घट्ट बसतो. मग कॉन्टॅक्ट क्लीनर, टूथब्रश, उन्हात वाळवणं. हेअर ड्रायर दुरून. मोबाइलसारखं ईसीएम तांदळाच्या डब्यात पुरून ठेवणारे लोक आहेत. त्याने तांदूळ खराब होतात, एवढंच.

साफ झालेल्या पिनेची पकडही बघा. तसाच जुन्या कपलरचा नर पाय घेऊन प्रत्येक मादी पिनेत घाला आणि ओढा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. एखाद्या पिनेत तो लोण्यात सुरी जावी तसा गेला तर ती सैल आहे, खड्ड्यांत मिसिंग तिथूनच येणार. रबराचं सील फाटलं असेल तर बदला, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या.

ईसीएम उघडण्याची वेळ

वीज आहे, अर्थ आहे, पाच व्होल्टच्या वाटेवर कुठे शॉर्ट नाही, तरी तो काही करत नाही. किंवा त्याच्या कपलरमध्येच गाळ दिसला. तेव्हाच डबी उघडा. बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रशने धुऊन, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि दोन दिवस सुकवून परत लावून बघा. अशाने उठलेले ईसीएम मी पाहिले आहेत. बोर्डावरची तांब्याची रेघच खाल्ली गेली असेल तर ते काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं. जुनाबाजारातून दुसरा आणणार असाल तर वरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळवा आणि तुमच्या गाडीत चावीची चिप असेल तर तीही जुळवावी लागेल, हे आधी विचारून घ्या.

आणि पूर आलाच नसेल तर? वायपरखालच्या जाळीत आंब्याची पानं अडकून तिथलं पाणी आत डॅशबोर्डखाली झिरपतं. एसीचा ड्रेन पाइप तुंबला की ते पाणी डावीकडच्या पायाखाली साठतं. सर्व्हिसिंगला प्रेशरने इंजिन धुतल्यावर दुसऱ्या दिवशी मिसिंग सुरू होतं. तपासणीचा क्रम तिन्ही बाबतींत तोच.

दुरुस्तीनंतर महिन्याभराने, पाऊस ओसरला की, मॅप, थ्रॉटल, तापमान सेन्सर आणि पंपाचे कपलर पुन्हा एकदा उघडा. मी दिवाळीच्या आधल्या रविवारी उघडले. तीन कोरडे होते. पंपाच्या कपलरमध्ये एका पिनेवर हिरवा ठिपका परत आलेला होता, तेव्हा ती पिन कापून नवी टाकली.